नेहमीच्या जागी नाही

साडू समोर बसलेला नसता तर मी ते वाक्य बोललोच नसतो.

रविवारची दुपार, जेवणं झालेली, आणि बायको आपल्या नव्या मशीनची कहाणी थोरल्या बहिणीला सांगत होती. नवं म्हणजे आम्हाला नवं. एका शिंप्यानं दुकान बंद करताना काढून टाकलेलं ते भरतकामाचं मशीन होतं. त्याला कॉम्प्युटरमधून चित्र द्यायचं, मग ते आपलं आपण टाके घालत बसतं. संगीत शाळेच्या बाईंनी बायकोला पहिलंवहिलं काम दिलं होतं. मुलांच्या कोटांच्या खिशांवर शाळेचं चिन्ह काढायचं, एक आडवी बासरी आणि तिच्यावर बसलेला निळा पक्षी. शनिवारी संध्याकाळी मुलांचा कार्यक्रम होता. कोट आधीच येऊन आमच्या सोफ्यावर बसले होते, त्यामुळे पाहुण्यांना स्टुलं दिली होती. घोडं अडलं होतं एवढ्यावरच की मशीनला चित्र समजावून सांगणारा जो प्रोग्राम लागतो, तो कंपनीनं कधीच बंद करून टाकला होता.

"वेळेत झालं नाही तर बाई काम खालच्या दुकानाला देणार," बायको म्हणाली. "स्पष्ट सांगितलंय त्यांनी. आणि पहिलंच काम हातचं गेलं की दुसरं घेऊन कोण येतंय माझ्याकडे?"

साडू एका मोठ्या कॉम्प्युटर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. कुठल्या, ते मला आजतागायत कळलेलं नाही, पण त्याच्याविषयी बोलताना सासूबाई आपोआप सरळ बसतात. त्यानं बडीशेप तोंडात टाकली आणि म्हणाला, "एक फुकटचा प्रोग्राम मिळतो तसला. पण तयार नाही मिळत. नुसतं सामान मिळतं, बांधून आपण घ्यायचा. तुम्हाला नाही जमायचं, राव. शुक्रवारी संध्याकाळी चक्कर टाकतो, बघून देतो."

"कशाला?" मी म्हणालो. "त्यात काय एवढं!"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी बेसिनचा नळ स्वतः बदलायला घेतला होता तेव्हाही तिनं असंच पाहिलं होतं, आणि मग मुकाट्यानं बादल्या भरून ठेवल्या होत्या.

आता प्रोग्राम बांधणं म्हणजे काय, हे मला त्या रात्री कळलं तसं सांगतो, म्हणजे वाचकांनी तरी फुशारकी मारण्याआधी विचार करावा. प्रोग्राम लिहिणारी माणसं सगळंच्या सगळं स्वतः लिहीत नाहीत. रेघ कशी काढावी, रंग कसा ओळखावा, असली कामं दुसऱ्या कुणीतरी आधीच लिहून ठेवलेली असतात आणि हे लोक ती बिनदिक्कत उसनी घेतात. अशा उसन्या गठ्ठ्याला लायब्ररी म्हणतात. आम्ही समोरच्या अण्णांची शिडी वापरतो तसंच ते. बांधकाम सुरू करायचा हुकूम दिला की कॉम्प्युटर आधी ही शिडी शोधतो, आणि ती मिळाली नाही तर तिथंच फतकल मारून बसतो.

माझा बसला. पडद्यावर लाल अक्षरात आलं, की रेघांची लायब्ररी सापडत नाही.

म्हटलं ठीक आहे, आणू. आणली. ठेवायला गेलो तर परवानगी नाही! कारण कॉम्प्युटर माझा नव्हताच. घरचा होता तो मुलगा वसतिगृहात घेऊन गेला, आणि उरला तो ऑफिसनं दिलेला. मी विमा कंपनीत आहे. लोकांनी आपल्या गाड्या कशा ठोकल्या हे वाचायचं आणि तशा त्या ठोकल्या जाणं शक्य नाही असं खाली लिहायचं, हे माझं काम. आमच्या कॉम्प्युटर विभागाच्या साहेबांना सगळे कुलूपसाहेब म्हणतात. सकाळी त्यांना फोन लावला.

"कारण?" त्यांनी विचारलं.

"भरतकाम."

त्यांनी पलीकडचा पंखा बंद केला. "विम्याचं?"

"नाही साहेब, कोटांचं. ऑफिस सुटल्यावर करणार आहे. पक्षी आहे एक."

"आमच्याकडे छपाई आहे, हिशेब आहे, पत्रव्यवहार आहे आणि इतर आहे. पक्षी नाही."

"मग इतरमध्ये घाला."

"इतरला समितीची मंजुरी लागते."

"समितीत कोण कोण आहे?"

"मीच आहे. पण समिती म्हणून मी महिनाअखेरीलाच बसतो."

मी गयावया केल्यावर त्यांचं मन थोडं द्रवलं. कॉम्प्युटरच्या मुख्य जागेला हात लावायचा नाही, स्वतःच्या फोल्डरात मात्र पक्षी ठेवा नाहीतर हत्ती ठेवा, आमचं काही म्हणणं नाही, असा तोडगा त्यांनी दिला. तोडगा मला फार आवडला. मंगळवारी ऑफिस सुटल्यावर 'माझं सामान' नावाचा एक फोल्डर केला, सगळ्या लायब्ऱ्या त्यात रचल्या आणि पुन्हा हुकूम सोडला.

लायब्ररी सापडत नाही.

अरे, इथं तर आहे! डोळ्यांसमोर! पण तो फक्त नेहमीच्या जागी बघत होता. कॉम्प्युटरात अशा लायब्ऱ्यांची एक ठरलेली जागा असते. तिथं डोकवायचं, नसली तर नाही म्हणून ओरडायचं, शेजारच्या फळीवर नजरसुद्धा टाकायची नाही. मी तावातावानं हे बायकोला सांगितलं.

"मग तुमच्यावरच गेलाय की," ती म्हणाली. "साखरेचा डबा एक फळी वर ठेवला तर 'साखर संपली' म्हणून परवा आख्खी बिल्डिंग जागी केलीत."

माझ्या आरड्याओरड्यानं समोरचे अण्णा आले. अण्णा वजनमापे खात्यातून निवृत्त झालेत आणि तेव्हापासून सल्ले देतात. मापात मात्र देत नाहीत. त्यांनी आधी लॅपटॉप उचलून हातानं तोलून पाहिला आणि जड आहे म्हणाले. मग चष्मा काढला.

"पत्ता दिलात का त्याला?"

"कुणाला?"

"ह्यालाच. नेहमीच्या जागी नाही, अमुक ठिकाणी आहे, असं सांगा की. पूर्ण सांगायचं. बिल्डिंग, मजला, दार."

"फोल्डरला दार नसतं अण्णा."

"मग आत जाता कुठून?"

मी प्रोग्रामबरोबर आलेली पुस्तिका उघडली. तिच्यात खरोखरच अशी सोय निघाली. बांधकामाच्या हुकुमापुढे एक ओळ जोडायची, की बाबा रे, आधी या ठिकाणी बघ. मी ओळ जोडली. उत्तर आलं, 'माझं' नावाची कुठलीही जागा अस्तित्वात नाही. संसारात माझं असं काही नाही हे मी यापूर्वी प्रवचनात ऐकलं होतं, पण ते ऑफिसच्या लॅपटॉपनं ऐकवावं याचं वाईट वाटलं. पुन्हा दिला, पुन्हा तेच. अण्णा म्हणाले ऊन दाखवा. आईनं तिच्या खोलीतून विचारलं, "अरे, बंद करून चालू केलंस का?" तिच्या दाताच्या डॉक्टरकडचा कॉम्प्युटर तसाच दुरुस्त करतात म्हणे. शेवटी चिडून मी फोल्डर पुसला, नवीन केला आणि लायब्ऱ्या पुन्हा आणून रचल्या. रागाच्या भरात नाव टाइप करताना 'माझं' आणि 'सामान' यांच्यामध्ये जागा सोडायची राहून गेली, आणि कॉम्प्युटर सुरळीत चालू लागला. त्या मेल्याला मधली मोकळी जागा दिसली की पत्ता तिथंच संपला असं वाटायचं! पडद्यावर ओळी धावू लागल्या. प्रोग्राम बांधून झाला. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं, आणि अण्णांनी जाताना जिन्यात भेटेल त्याला सांगितलं की पत्ता मी दिला.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, ऑफिसातून येताच मशीन जोडलं. बायकोनं एक जुनं फडकं आणलं होतं.

"यावर बघू आधी."

"फडक्यावर शिकाऊ लोक बघतात," मी म्हणालो. "दे कोट."

कोट मोजके होते, मुलांइतकेच. हे तिनं सांगितलं. सोफ्यावरचा सगळ्यात छोटा कोट उचलून तिनं माझ्या हातात दिला, तो देतानाही तिनं एकदा तो मागे ओढला. मी खिसा मशीनला लावला आणि कळ दाबली. मशीन खडखडत, मान हलवत कामाला लागलं. आम्ही तिघं खुर्च्या मांडून बघत बसलो. मी मधूनमधून साडूबद्दल बोलत होतो.

आधी बासरी आली. ती वर आली. मग तिच्या खाली पाय आले, पायांच्या खाली पोट, आणि सगळ्यात खाली, खिशाच्या तळाशी, चोच.

आईनं चष्मा पुसून पाहिलं. "वटवाघूळ छान आलंय," ती म्हणाली.

बायकोनं कोट उजेडाला धरला, सुईनं एक टाका उसवून पाहिला. कापड विरू लागलं. तिनं सुई खाली ठेवली आणि मांडीवर कोटाची हळूच घडी घातली. ओरडली असती तर बरं झालं असतं, मला तिच्या ओरडण्याची सवय आहे. ती फक्त म्हणाली, "बाईंना काय सांगू?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी इरेला पेटलो. कारण शोधायचं म्हणजे शोधायचं. ती मागून कोटाबद्दल काहीतरी म्हणत होती, मी पडद्यावरची नजर न हलवता 'हं' म्हणत होतो. आणि कारण सापडलं! बांधताना प्रोग्रामनं माझी लायब्ररी घेतली होती, पण चालू झाल्यावर महाशय पुन्हा नेहमीच्या जागी गेले. मी आणलेली नेहमीच्या जागी नव्हती, पण त्याच नावाची एक जुनीपुराणी लायब्ररी, माझ्या आधी हा लॅपटॉप वापरणाऱ्यानं कधीतरी टाकलेली, तिथं लोळत पडली होती. ती वरचं खाली आणि खालचं वर समजायची. म्हणजे लग्न आमच्याशी आणि संसार जुन्या घरी.

कुलूपसाहेबांना मी तत्काळ अर्ज पाठवला की मुख्य जागेतली ती जुनी लायब्ररी कृपया काढून टाकावी, तिच्यामुळे एका निरपराध कोटाचं नुकसान झालं आहे. उत्तर आलं, अर्ज समितीपुढे ठेवण्यात येईल. मग मीच पुस्तिका चाळून प्रोग्रामला दुसऱ्यांदा बजावून ठेवलं, की बांधताना तर बघच, पण चालतानासुद्धा आधी माझ्या सामानात बघ. म्हणजे एकाच माणसाला एकच पत्ता दोनदा. गुरुवारी फडक्यावर पक्षी सरळ आला, चोच वर, पाय खाली, अगदी कुलीन. आनंदाच्या भरात मी आणखी एक काढला, मग आईला दाखवायला एक, अण्णांना एक, असा फडक्यावर थवाच उतरवला. त्यात निळा दोरा संपला आणि दोऱ्यांचं दुकान तोवर बंद झालं होतं. बायकोनं यावर काय म्हटलं ते इथं लिहीत नाही.

शुक्रवारी साडू येणार होता. आमच्या घरात पाहुणे यायचे म्हणजे आवराआवर असते, आणि आवराआवर म्हणजे दिसतं ते सगळं उचलून माळ्यावर टाकणं. जुने पंखे, फुटके टब, मुलाच्या ट्रॉफ्या, सगळं माळ्यावर. पाहुणे गेल्यावर यातलं काही खाली येत नाही. माळा पडत कसा नाही याचंच अण्णांना आश्चर्य वाटतं. शुक्रवारी सकाळी मी दाढी करत असताना बायको बाहेरून काहीतरी मोठ्यानं सांगत होती. मी 'हं' म्हणालो. लग्नाला पंचवीस वर्षं झाल्यावर माणसाचं 'हं' त्याच्या परवानगीशिवाय बाहेर पडतं.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून, निळा दोरा घेऊन दुपारी घरी आलो. पहिला कोट लावला. कळ दाबली.

लायब्ररी सापडत नाही.

तोंडचं पाणी पळालं. काल चालत होतं! कुणी काही केलं नाही! मी सगळं तपासलं, पत्ता अक्षर न् अक्षर वाचला, बंद करून चालू केलं, आणि हो, लॅपटॉप गॅलरीत नेऊन ऊनसुद्धा दाखवलं. बायको कोटांची चळत मांडीवर घेऊन मशीनपाशी बसून होती. बाईंचा एकदा फोन येऊन गेला, ती त्यांना "होतंय, होतंय" म्हणाली आणि फोन ठेवून खिडकीतून खालच्या दुकानाच्या पाटीकडे बघत राहिली. एवढ्यात बेल वाजली. साडू.

खरं सांगतो, त्याला बघून मला हायसं वाटलं. मानअपमान गेला खड्ड्यात. मी बाजूला झालो आणि त्याला खुर्ची दिली. त्यानं बाह्या सरसावल्या, बोटं मोडली, लॅपटॉपकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "आपण याकडे जरा वरून बघू या."

मी उभा राहिलो.

"तसं नाही. म्हणजे याची जबाबदारी कुणाची?"

"माझी."

"छान. तुमच्या हाताखाली कोण?"

"खाली ते दुकान आहे."

आणखी थोडी विचारपूस झाल्यावर उमगलं, की साडूनं गेल्या कित्येक वर्षांत कॉम्प्युटरला स्वतः एकही हुकूम दिलेला नाही. तो माणसांना हुकूम देतो, ती माणसं कॉम्प्युटरला देतात. एरवी मला या शोधाचा आनंद साजरा करता आला असता, पण कोट तसेच पडून होते.

"सगळं होतं तसंच आहे हो," मी काकुळतीला येऊन म्हणालो. "फक्त माझं सामान नाही!"

"ते माळ्यावर आहे," बायको म्हणाली.

"कुठल्या माळ्यावर?"

"आता भाऊजी येणार, पडदा उघडून बघणार, आणि त्यावर तुमचा तो सतरा चित्रांचा पसारा. मी आवरला सकाळी. 'माळा' नावाचा फोल्डर केला आणि सगळं त्यात टाकलं. सांगितलं की तुम्हाला! तुम्ही 'हं' म्हणालात."

"काखेत कळसा नि गावाला वळसा," आई आतून म्हणाली.

मी पत्त्यात 'माळा' हा शब्द घातला. मशीन खडखडलं. पहिला पक्षी सरळ येऊन बासरीवर बसला, आणि साडू म्हणाला, "बरोबर. मी तेच सुचवणार होतो." त्या क्षणी मी त्याला चहाबरोबर चांगली बिस्किटं दिली. रात्रीच्या जेवणापर्यंत आणि मग शनिवारी सकाळी, बायको खिसे लावत गेली, मी कळ दाबत गेलो, आई दोरे कापत गेली. खूप दिवसांनी आम्ही तिघं एकाच कामाला लागलो होतो, आणि मला ते आवडलं. दुपारी कोट शाळेत पोचले. वटवाघळाचा कोट बायकोनं चळतीत सगळ्यात खाली ठेवला.

संध्याकाळी सभागृहात आम्ही शेवटून दुसऱ्या रांगेत बसलो. पडदा उघडला. सगळ्या खिशांवर निळे पक्षी सरळ बसलेले, आणि टोकाला ढोलक घेतलेली सगळ्यात चिमुरडी मुलगी, तिच्या खिशावर आमचं वटवाघूळ. बायकोनं माझं मनगट धरलं. गाणं कुठलं होतं ते मला सांगता येणार नाही, कार्यक्रम संपेपर्यंत तिनं मनगट सोडलं नाही. मागच्या रांगेत साडू कुणाला तरी सांगत होता की आपण थोडं मार्गदर्शन केलं.

कार्यक्रम संपल्यावर बाई लोकांमधून वाट काढत थेट आमच्याकडे आल्या. त्यांनी ढोलकवालीला हाताला धरून आणलं होतं.

"हा एक वेगळा का?" त्यांनी विचारलं.

बायकोला खोटं बोलता येत नाही. ती वटवाघळाची कबुली द्यायला निघाली. तेवढ्यात पोरगीच मान खाली घालून खिशाकडे बघत म्हणाली, "बाकीच्यांचे पक्षी लोकांकडे बघतात. माझा माझ्याकडे बघतो."

आम्ही वाकून पाहिलं. खरंच की! वरून पाहिलं तर पक्षी सरळ होता, बासरीवर बसून थेट तिच्या तोंडाकडे बघत होता. बाकीची मुलं आपापल्या खिशाकडे बघून कुरकुरत होती, की आमचा उलटा आहे.

"आता सगळ्यांना तसाच हवाय," बाई म्हणाल्या. "मोठ्या मुलांचे कोट अजून व्हायचेत. ते सगळे असेच करून द्याल?"

बायकोचा चेहरा असा फुलला की लग्नातल्या फोटोतसुद्धा तो तसा आलेला नाही. "देऊ की," ती म्हणाली. "त्यात काय एवढं! हे करतील."

मी मनात हिशेब केला. उलट्या पक्ष्यासाठी जुनी लायब्ररी हवी. ती नेहमीच्या जागी आहेच. मी दिलेला पत्ता काढून टाकला की झालं, प्रोग्राम आपणहून तिकडे जाईल. खिशातला फोन तेव्हाच थरथरला. कुलूपसाहेब! समिती या खेपेला महिनाअखेरीआधीच बसली होती. 'आपल्या अर्जाची तातडी लक्षात घेऊन जुनी लायब्ररी सर्व कॉम्प्युटरांवरून कायमची नष्ट करण्यात आली आहे. सहकार्याबद्दल आभार.'

घरी परतताना मी बायकोला सगळं समजावून सांगितलं. आता ती जुनी लायब्ररी कुठून तरी शोधायला हवी, ती माळ्यावर टाकायला हवी, पत्ता पुन्हा बदलायला हवा, बांधकाम पुन्हा पहिल्यापासून. साडूला विचारावं लागतंय की काय, इथपर्यंत माझी मजल गेली. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"किंवा," ती म्हणाली, "मशीनला कोटच उलटा लावायचा."

मी रस्त्यात थांबलो. कोट उलटा लावला की सरळ पक्षी उलटा येतो. आणि, हे जरा उशिरानं डोक्यात शिरलं, उलटा पक्षी सरळ येतो. म्हणजे बुधवारी रात्रीच, पत्ता न बदलता, अर्ज न करता, साडूला खुर्ची न देता, सगळे कोट...

"अगं, मग हे बुधवारी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं," बायको म्हणाली. "तुम्ही 'हं' म्हणालात."